दहावी सीडी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अल खोरहून मासे आणले. शुक्रवार होता, इथला सुट्टीचा दिवस. चर्चमधली सकाळची मिस्सा आटपली आणि गाडी काढली. कतारला आम्ही राहायचो त्या दोह्यात मासे मिळत नव्हते असं नाही. पण आम्ही वसईची माणसं. समुद्राच्या कडेला उभं राहून घेतल्याशिवाय तिला मासा ताजा वाटायचाच नाही. तिनं दोन शेरी आणि एक सुरमई घेतली, कल्ले उघडून बघितले, विकणाऱ्याला हिंदीत चार शब्द सुनावले. मासे थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर घातले आणि आम्ही परत फिरलो.

गाडीत सीडी चालू होती. पुस्तक वाचून दाखवतात त्या सीड्या. ऑडिओबुक म्हणतात. या पुस्तकाच्या दहा होत्या आणि ही नववी. पुस्तक इंग्रजी. मी सहावी शिकलेला, एसी मेकॅनिक. माझं इंग्रजी म्हणजे डक्ट, कंप्रेसर, गॅस लीक आणि यस सर. ती मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेली, ऑफिसात होती. तेव्हा आमची पद्धत अशी, की सीडीतल्या माणसानं थोडं वाचायचं, तिनं बटण दाबून त्याला गप्प करायचं आणि मला आपल्या भाषेत सांगायचं. मग पुन्हा बटण.

अल मन्सूराला आमच्या बिल्डिंगखाली गाडी लावली आणि नववी सीडी संपली.

मी म्हणालो, "दहावी लाव. इथंच बसून ऐकू."

"मासे खराब होतील."

"बर्फ आहे की."

"बर्फाचं पाणी झालंय. उद्या ऐकू. गोष्ट काय नासते का?"

शेवटची सीडी लावण्याआधी आमची पैज असायची. शेवट काय होणार ते दोघांनी सांगायचं. ज्याचं चुकेल त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा करून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. चहा बहुतेक मीच केला आहे. त्या दिवशी पेटी घेऊन तीन मजले चढताना पैज लागली. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, आणि गोष्ट होती लिफ्टची.

थोडक्यात सांगतो. परदेशातलं एक उंच इमारतींचं शहर. तिथं एक बाई लिफ्ट दुरुस्त करते. एका जुन्या इमारतीत अकराव्या आणि बाराव्या मजल्याच्या मध्ये आणखी एक मजला आहे, तो कुठल्याच बटणावर नाही. हरवलेली माणसं तिथं अडकून असतात. तिचा भाऊही तिथं आहे. त्याला बाहेर काढायचं तर त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी राहावं लागतं. नवव्या सीडीच्या शेवटी बाई लिफ्ट मध्येच थांबवते आणि दार हातानं उघडते.

"ती तिथंच राहणार," बायको जिन्यात म्हणाली. "भावाला वर पाठवून देणार."

मी म्हणालो, "हॅट. ती परत येणार. एकटी. आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणार."

"तुम्हाला बाई सगळीकडे ड्युटीच दिसते."

"मग काय, लिफ्टा कोण दुरुस्त करणार? तुझा भाऊ?"

"माझ्या भावाला मध्ये आणू नका. उद्या चहा तुमचा, लिहून ठेवा."

तिनं मासे साफ केले, हळद-मीठ लावलं, तीन पिशव्या करून फ्रीजरमध्ये टाकल्या. रात्री आम्ही वरणभात खाल्ला. दमली होती.

हे पुस्तकांचं खूळ आमच्याकडे कसं आलं ते सांगायला हवं. तिच्या ऑफिसातली एक गोरी बाई देश सोडून चालली होती. जाताना ही लोकं घरातलं सगळं विकतात, नाहीतर वाटतात. त्या बाईनं हिला एक खोका दिला. वरती कॅसेटी, खाली सीड्या. मला वाटलं गाणी असतील. लावून बघितलं तर एक माणूस नुसता बोलतोय.

"हा काय मिस्सा वाचतो का?" मी विचारलं.

"गोष्ट आहे. भुतांची. पण शहरातली."

आमच्या खोलीच्या भिंती प्लायवूडच्या. पलीकडे केरळचं एक कुटुंब, अलीकडे दोन फिलिपिनो मुली. मोठ्यानं काही लावायची सोय नव्हती. म्हणून गाडी. संध्याकाळी खाली जाऊन नुसतं गाडीत बसायचो. शुक्रवारी अल खोरच्या सरळ रस्त्यावर लांब ऐकायचो.

ऐकायची सवय मात्र आम्हाला आधीची. मी दोह्यात आलो तेव्हा ती वसईला, मुलगी लहान. मला पत्र लिहायचा कंटाळा. खरं सांगायचं तर लिहिताच येत नव्हतं धड. तेव्हा आखातात आमच्यासारखे सगळे कॅसेट भरायचे. टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं आणि गावी जाणाऱ्याच्या हाती द्यायची. तिकडून त्याच कॅसेटवर उत्तर भरून यायचं. माझ्या बोलण्यावर तिचं बोलणं, तिच्या बोलण्यावर माझं. एकच कॅसेट कित्येक वर्षं ये-जा करत होती. नवी घ्यायची गरज काय, असं दोघांनाही वाटायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी तिला इथं नोकरी मिळून ती आली, आणि त्या कॅसेटीवर मी कामाच्या जागी रेडिओवरची गाणी भरली.

तर आवाज कसा ओळखायचा ते मी तिथं शिकलो. माणूस खोटं बोलतो तेव्हा श्वास चुकीच्या जागी घेतो. "सगळं बरं आहे" म्हणताना ती आधी श्वास घ्यायची, तेव्हा मला कळायचं की बरं नाही. म्हणून पुस्तक वाचणाऱ्यांना मी सोडत नसे. इंग्रजी कळो न कळो.

एक होता तो बाईचं बोलणं आलं की नाक दाबल्यासारखा आवाज काढायचा. सगळ्या बायका सर्दी झालेल्या. एक अमेरिकन बाई होती, ती खून झाला तरी विमानतळावर गेट नंबर सांगावा तशी वाचायची. एक जण राक्षस आला की इतका घसा खरवडायचा की मला त्याचीच काळजी वाटायची. लिफ्टवाल्या पुस्तकाचा वाचणारा मात्र चांगला. म्हातारा असावा. मध्येच आवंढा गिळायचा, तो ऐकू यायचा. आणि कुणी मेलं की तो आवाज खाली आणत नसे, हलवत नसे. सपाट वाचायचा, पुढच्या ओळीवर जायचा. बायकोला ते आवडायचं नाही. "दगड आहे मेला," म्हणायची. मी म्हणायचो, अगं हाच खरा.

गोष्टींचंही तसंच. आमच्या गावची भुतं चिंचेवर, विहिरीवर राहायची. आपल्या जागेवर असायची, आपण तिकडं जायचं नाही, मिटलं. या पुस्तकांतली भुतं शहरात भाड्यानं राहतात, बसचं तिकीट काढतात. एका पुस्तकात रक्त पिणारा एक माणूस होता, तीनशे वर्षं वय, शहरात दुकान चालवतो.

मी बटण दाबलं. "याचा कफील कोण?"

"काय?"

"परक्या देशात दुकान चालवतो म्हणजे इथल्यासारखा जामीन राहणारा कफील पाहिजे. आणि तीनशे वर्षांत पासपोर्ट किती वेळा रिन्यू केला? फोटोत म्हातारा का होत नाही, विचारलं नाही कुणी?"

ती इतकी हसली की शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून बघितलं. नंतर कित्येक महिने, कुठलंही भूत आलं की तीच आधी विचारायची, "विसा बघा त्याचा."

दुसऱ्या एका पुस्तकात एक भला मोठा राक्षस हॉस्पिटलच्या एसी डक्टमधून सरपटत जातो. मी चिडलो. माझं आयुष्य डक्टमध्ये गेलं. इतका पातळ पत्रा माणसाच्या वजनानं बसतो, राक्षसाचं काय घेऊन बसलात. ती म्हणाली, "तो जादूनं जातो." मी म्हणालो, "मग दारानं का नाही जात जादूनं?"

सांगताना ती काही गोष्टी गाळायची. बाप्या-बाईचं काही आलं की बटण दाबून म्हणायची, "काही नाही, जेवले." आता चुंबनाचा आवाज इंग्रजीत काय आणि मराठीत काय. मी गप्प राहायचो. एका पुस्तकात फारच झालं तेव्हा म्हणालो, "या दोघांना भूक फार." तर हातावर चापट.

आम्ही एक ठरवलं होतं. कुणी एकट्यानं पुढं ऐकायचं नाही. माझ्या बाजूनं प्रश्नच नव्हता, मला काय कळणार होतं. तिचं म्हणाल तर तिनंही कधी ऐकलं नाही. निदान मला तसं वाटतं.

शनिवारी सकाळी चहा तिनंच केला. तिला आधी निघायचं असायचं. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "हा पैजेतला नाही हं." आणि पर्स घेऊन गेली.

दुपारच्या आत मला फोन आला. मी अल थुमामाला एका इमारतीच्या गच्चीवर होतो, मशीन उघडून बसलो होतो. तिच्या ऑफिसातला माणूस हिंदीत बोलला. टायपिंग करता करता खुर्चीतच मान टाकली, हॉस्पिटलात नेलं, गेली. हार्ट. त्यानं आवाज हलवला नाही. सपाट सांगितलं आणि पुढं विचारलं, पासपोर्ट कुठं ठेवला आहे. मी त्याला दोष देत नाही. असंच सांगतात.

या देशात मला कधी भुताची भीती वाटली नाही, आणि कारण मी तिला एकदा सांगितलं होतं. आपलं माणूस मेलं की इथं ठेवत नाहीत, कार्गोनं घरी पाठवतात. मग भूत होणार कुठून? तेव्हा ती हसली होती. त्या आठवड्यात मी विमानात वर बसलो होतो आणि ती खाली सामानात होती. एअर होस्टेसनं जेवण आणलं. मी खाल्लं. लाज वाटली नाही, भूक होती.

वसईला दफन झालं, सातव्या दिवसाची मिस्सा झाली. मुलगी कॅनडाहून आलेली, परत गेली. ती म्हणाली, पप्पा, आता परत जाऊ नका. मी म्हणालो, इथं काय करू? इथं आम्ही दोघं एकत्र राहिलोच किती? तिच्याबरोबरचं माझं राहणं सगळं दोह्यात होतं. गेलो परत.

खोलीत सगळं तसंच. फ्रीजर उघडला तर तीन पिशव्या. हळद लागलेली.

माझा एक दोस्त होता, रत्नागिरीचा मुसलमान, कंपनीत ड्रायव्हर. मी त्याला बोलावलं आणि म्हणालो, "हे मासे घेऊन जा."

त्यानं पिशवी हातात घेतली, बघितली, परत ठेवली. "भाभीनं मीठ लावलेलं हाय. मी नाय नेत."

"मग टाकून देतो."

"टाक बघू. हात मोडीन." त्यानं स्वतःच बाही वर केली. "तवा खंय? आणि कांदो नको मला तुमच्यासारखो. नुसतं तेल."

त्यानं तळले, मी भात लावला. दोघांनी दोन शेरी संपवल्या. तो काटे काढत म्हणाला, "मीठ बरोबर." एवढंच. सुरमई मात्र मी ठेवली. पुढच्या आठवड्यात एकट्यानं खाल्ली. ती संपल्यावर फ्रीजरमध्ये बर्फ तेवढा राहिला.

आणि गाडीत दहावी सीडी. तिनं पाकिटातून काढून गाडीच्या खणात वर ठेवली होती, उद्यासाठी.

मला शेवट हवा होता. खोटं कशाला बोलू, दफनाच्या वेळीसुद्धा एकदा मनात आलं होतं की त्या बाईचं काय झालं असेल. पण हवा होता तो तिच्या तोंडून. मुलीला फोनवर हे बोललो तर ती म्हणाली, "पप्पा, नाव सांगा पुस्तकाचं. सगळं नेटवर असतं. आय विल टेल यू इन टू मिनिट्स."

"नको."

"बट व्हाय?"

"अगं, दोन मिनिटांत सांगायची गोष्ट नाही ती."

ती म्हणाली, "मम्मी मला पण सांगायची. ऑन द फोन. राक्षस अँड ऑल." मला माहीत नव्हतं. मी फोन ठेवला.

दहावीला हात लावला नाही, पण गाडीतली शांतता सोसवेना. खोक्यातली दुसरी पुस्तकं लावली. शहरातला जादूगार, पुलाखालचा राक्षस, मेलेल्यांची टॅक्सी. एकट्यानं ऐकताना पहिल्यांदा नुसता आवाज यायचा, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. मग एखादा शब्द कळायचा. डोअर. ब्लड. रन. मी बटण दाबायचो. आणि बटण दाबलं की कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच सांगायचो. शेजारच्या सीटला. "दार उघडलं बघ. रक्त आहे. पळाले." चुकीचं सांगत असणार. तिथं कुणी सुधारणारं नव्हतं. कधी चुंबनाचा आवाज आला तर "जेवले" म्हणायचो आणि पुढं जायचो.

एकदा सिग्नलला दोस्तानं मला बघितलं, त्याची गाडी बाजूला होती. नंतर विचारलं, "काय रे, गाडीत कुणाशी बोलतोस?"

"पुस्तकाशी."

"पुस्तक जवाब देतं काय?"

"नाही."

"मग बरं हाय," तो म्हणाला. "जवाब दिलान तर मला सांग."

असा हिवाळा गेला आणि उन्हाळा आला. इथला उन्हाळा म्हणजे बंद गाडीत लोखंड हाताला चिकटतं. एका शुक्रवारी मी टॅक्सीवालं पुस्तक लावलं तर ते अडकायला लागलं. एकच शब्द चार-चारदा. सीडी बाहेर काढली, कडेला वाकली होती आणि मागून पांढुरकी झाली होती. लगेच खणातून दहावी काढली, उजेडात धरली. ती अजून सपाट होती, पण एका बाजूला ढग धरल्यासारखा डाग. तिनं ठेवलेल्या जागेवरून हलवायची नाही म्हणून मी ती तिथंच ठेवली होती, आणि तिथंच ती भाजून निघत होती. आणखी एक महिना ठेवली असती तर शेवट ना तिला, ना मला.

तसाच गाडी काढून अल खोरच्या रस्त्याला लागलो. दहावी घातली. म्हाताऱ्यानं आवंढा गिळला आणि सुरू झाला.

मी घाई केली नाही. थोडं ऐकायचं, बटण दाबायचं, सीटकडे बघून सांगायचं. दार उघडलंय. अंधार आहे. ऑफिससारखी जागा आहे, लांबच लांब, खुर्च्यांवर माणसं बसलेली. भाऊ दिसला. हे सगळं मला खरंच कळलं की मी रचलं, देवाला ठाऊक. भाऊ बोलायला लागला आणि नेमकी सीडी अडकली. खर्र, खर्र, मग एकदम पुढची उडी. भाऊ तिला काय म्हणाला ते गेलं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, मागं जाऊन तीनदा लावून बघितलं. तिथं डागच होता. शेवटी मी बटण दाबून म्हणालो, "भाऊ म्हणतो, तू जा. मला इथं बरं आहे." दुसरं काय म्हणणार तो?

अल खोरला समुद्राच्या बाजूला गाडी लावून बाकीचं ऐकलं. लिफ्ट खाली आली. दार उघडलं. ती बाई एकटी बाहेर आली. हे मला नक्की कळलं, कारण म्हाताऱ्यानं "अलोन" शब्द दोनदा वाचला, दोन्ही वेळा सपाट. मग सकाळ झाली. बाईनं टूलबॅग उचलली. टूलबॅग तर माझाच शब्द, त्यात चूक नाही. दुसऱ्या इमारतीत लिफ्ट बंद पडली होती, ती तिकडं गेली. संपलं. म्हाताऱ्यानं पुस्तकाचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं आणि गप्प झाला.

मी जिंकलो होतो, सकाळचा चहा तिच्याकडे लागला होता. सीटकडे बघून म्हणालो, "बघ, मी म्हणालो नव्हतो?" चांगला शेवट होता. तिला पटला नसता. ती भांडली असती, म्हणाली असती की भावाला टाकून कुठली बहीण परत येते, लिहिणारा मेला पुरुषच असणार. मग मासे न घेताच परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्या वेळेला जाग आली. एवढे महिने मी स्वतःचा चहा स्वतः करत होतो, त्यात काही विशेष नव्हतं. त्या दिवशी केला नाही. पातेलं पालथं होतं, तसंच राहू दिलं. अंघोळ केली, युनिफॉर्म घातला आणि टेबलाशी बसून राहिलो. पलीकडे केरळच्या घरी कपबश्या वाजत होत्या. खाली कंपनीच्या पिकअपचा हॉर्न वाजला. एकदा वाजला, मी बसून होतो. पुन्हा वाजला तेव्हा उठलो, टूलबॅग घेतली आणि चहा न घेताच तीन मजले उतरलो.